नीरा, चिंधी आणि सुलभा

मुंबई-गोवा रस्त्याने पनवेल मागे टाकलं की कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. पुढे पेण, वडखळ, नागोठणे लागतं आणि मग कुंडलिकेच्या काठचं कोलाड. आज कोलाड म्हटलं की मुंबई-पुण्याच्या लोकांना राफ्टिंग आठवतं. मुळशीच्या धरणाचं पाणी टाटांच्या भिरा वीजकेंद्रातून फिरून कुंडलिकेत सुटतं आणि त्या पाण्यावर होड्या धावतात. रेल्वेने जाणाऱ्यांना ते रोह्यानंतरचं कोकण रेल्वेचं पहिलं स्टेशन म्हणून माहीत आहे, आणि ट्रकवाल्यांना गाडीवर ट्रक चढवून गोव्यात वेर्ण्याला नेणाऱ्या रो-रो सेवेचं ठिकाण म्हणून. या रस्त्याच्या वर डोंगरउतारांवर ठाकर आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत, खाली आगरी-कुणब्यांची गावं. १ जानेवारी १९८१ ला रायगड हे नाव मिळेपर्यंत हा सगळा मुलूख कुलाबा जिल्हा होता. याच मुलखात मराठीतला एक कमी पैशांचा आणि मोठ्या हिमतीचा चित्रपट उभा राहिला. त्याच्या मध्यभागी होती नवऱ्याला सोडून आलेली बाई.

तो चित्रपट १९७७ चा ‘जैत रे जैत’. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर तो बेतलेला होता. दिग्दर्शक जब्बार पटेल, निर्मात्या उषा मंगेशकर, गीतं ना. धों. महानोरांची आणि संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. नाग्या ठाकर आणि लिंगोबाच्या डोंगरावरची राणी माशी यांचं वैर, ढोलाचा नाद, मधाची पोळी हे सगळं लोकांच्या लक्षात राहिलं. गाणी तर घरोघरी गेली. पण चिंधीची गोष्ट त्या गाण्यांच्या मागे थोडी झाकली गेली. स्मिता पाटीलने उभी केलेली ही ठाकर बाई लग्न झालेली आहे. नवरा तिला नको आहे, आणि ते ती लपवत नाही. ती त्याला सोडते, नाग्यावर जीव जडवते आणि त्याच्याशी घर मांडते. नवरा सोडला म्हणून कथा तिला शिक्षा करत नाही. शेवटी ती मरते ती राणी माशीच्या मोहिमेत, नाग्याच्या बरोबरीने लढताना.

शहरातल्या प्रेक्षकाला ही मोकळीक नवी होती. वाडीवर ती जुनीच होती. ठाकर आणि कातकरी समाजांत न पटणाऱ्या जोडप्याने वेगळं व्हावं, बाईने दुसरा घरोबा करावा, याला जमातीची मान्यता असे. लग्नात वरपक्ष मुलीच्या बापाला देज देई. बाई निघून दुसऱ्याकडे गेली तर ते देज परत करण्याचा आणि दंडाचा हिशेब पंचांपुढे होई. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही हे क्षेत्र बाजूलाच ठेवलं. त्या कायद्याच्या कलम २ नुसार केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. म्हणजे चिंधीच्या सुटकेसाठी कोर्टाची पायरी कथेत येण्याची गरजच नव्हती.

मराठी पडद्यावर मोडणाऱ्या संसाराची गोष्ट गेली पाऊणशेहून अधिक वर्षं सांगितली जाते आहे. ती कुठे संपते हे लेखकाच्या कल्पनेइतकंच त्या काळच्या कायद्याने आणि रूढीने ठरवलं आहे. बाईला कुठला दरवाजा उघडा होता, हे त्या त्या चित्रपटाच्या शेवटात दिसतं. हा धागा हातात धरला तर हा सगळा इतिहास वेगळा वाचता येतो.

त्याची सुरुवात सिनेमाच्या आधी होते. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनच्या राजवटीने दख्खनातल्या जातींचे रिवाज टिपून घेतले. आर्थर स्टीलने ते १८२७ मध्ये ग्रंथात मांडले. लग्न, काडीमोड, सोडचिठ्ठी, पाट असे सगळे व्यवहार इंग्रज अधिकाऱ्यांच्या टेबलावर त्यातून आले. शेतकरी आणि कारागीर जातींपैकी अनेकांत पंचांसमोर काडी मोडून नवरा-बायको मोकळे होत आणि बाईला पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावता येई. ब्राह्मण आणि त्यांचा आचार उचलणाऱ्या जातींत ही वाट नव्हती. तिथल्या बाईला नवऱ्याने टाकली तरी ती मरेपर्यंत त्याचीच बायको.

इंग्रजी न्यायालयांनी पुढे ही तफावत कमी केली, पण उलट्या बाजूने. १८७६ मध्ये शंभू रघू याच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की एखादं लग्न रद्द ठरवण्याचा आणि नवरा हयात असताना बाईला पुन्हा लग्न करू देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. पंचांनी मोकळी केलेली बाई कायद्याच्या नजरेत दोन नवऱ्यांची गुन्हेगार ठरू शकत होती. ज्या दरवाज्याने पिढ्यान् पिढ्या बाया बाहेर पडत होत्या, त्यावर आता सरकारी कुलूप आलं.

आठ वर्षांनी, १८८४ मध्ये, मुंबईत दादाजी भिकाजीने आपली बायको रखमाबाई हिला नांदायला पाठवावं म्हणून दावा लावला. लहानपणी लावलेलं हे लग्न तिला मान्य नव्हतं. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर प्रकरण फिरलं आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाली. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, ती इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाली आणि सुरत, राजकोटला तिने आयुष्यभर काम केलं. ज्या समाजात तिच्या विधवा आईचं दुसरं लग्न रिवाजाने सहज लागलं, त्याच समाजातल्या मुलीला न नांदलेल्या नवऱ्यापासून सुटायला असा झगडा द्यावा लागला. अनंत महादेवन यांनी २०१६ मध्ये ‘डॉक्टर रखमाबाई’ हा चित्रपट केला. तनिष्ठा चॅटर्जी त्यात रखमाबाई झाली. मोठ्या नटांशिवाय केलेला हा चित्रपट खऱ्या अर्थाने मराठीतल्या पहिल्या मोठ्या घटस्फोटाच्या लढाईची कथा आहे, जरी घटस्फोट हा शब्द तेव्हा हिंदूंच्या कायद्यात नव्हता.

आता ‘कुंकू’कडे यावं. १९३७ साली पुण्याच्या प्रभातने, व्ही. शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली, नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून तो केला. हिंदीत त्याच वेळी ‘दुनिया न माने’ झाला. प्रभात ही मोठी संस्था होती, पण या चित्रपटात तिने भपका टाळला. पार्श्वसंगीत अजिबात वापरलं नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाज, ग्रामोफोन, भिंतीवरचं घड्याळ यांच्यावरच ध्वनी उभा राहिला. शांता आपटेंची नीरा नातलगांच्या लोभापायी म्हाताऱ्या काकासाहेबांच्या गळ्यात बांधली जाते आणि ठामपणे सांगते की हे लग्न मला मान्य नाही. ती घर सोडत नाही, पण बायको म्हणून नांदतही नाही. केशवराव दात्यांचे काकासाहेब हळूहळू बदलतात, आपली चूक ओळखतात आणि शेवटी स्वतःचा जीव देतात, म्हणजे नीराला दुसरं लग्न करता येईल.

या शेवटाबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. तो भडक आहे, सोयीचा आहे, असंही म्हटलं गेलं. पण १९३७ च्या मुंबई इलाख्यातला कायदा समोर ठेवला की तो शेवट अगदी नेमका वाटतो. विधवेला पुन्हा लग्न करण्याची कायदेशीर मुभा १८५६ पासून होती. नवरा जिवंत असताना उच्चवर्णीय हिंदू बाईला त्याच्यापासून सुटण्याची मुभा नव्हती. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता, पण नीराचं घर बडोदा संस्थानात नव्हतं. काकासाहेबांना तिला खरंच मोकळं करायचं असेल, तर त्यांच्याकडे एकच मार्ग उरत होता. आपटे आणि शांताराम यांनी तो मार्ग पडद्यावर दाखवला, आणि त्यातून कायद्याची कोंडी दाखवली.

त्या चित्रपटात काकासाहेबांच्या सुशिक्षित मुलीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलं. रँग्लर परांजप्यांची ही मुलगी र. धों. कर्वे यांच्या बरोबरीने संततिनियमनाचा प्रचार करणारी कार्यकर्ती होती. पुढे ती राज्यसभेतही गेली. पडद्यावर ती बापाला त्याचा अन्याय दाखवते. पडद्याबाहेर ती आयुष्यभर बायकांच्या शरीरावरच्या हक्काविषयी बोलत राहिली. मराठी सिनेमात सुधारकांची पिढी अशी थेट चालत आली होती.

कायदा मात्र सावकाश चालला. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदू पुरुषाला दुसरी बायको करण्यास बंदी घातली आणि १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. त्यात जोडीदाराने सलग चार वर्षं टाकून दिलं असेल तर घटस्फोट मिळत असे. १९५५ चा केंद्राचा हिंदू विवाह कायदा आला तेव्हा मात्र छळ आणि टाकून देणं ही कारणं फक्त न्यायिक विभक्तीपुरती राहिली. घटस्फोटासाठी ती १९७६ च्या दुरुस्तीने आली. दोघांच्या संमतीने घटस्फोट घेण्याची सोयही त्याच दुरुस्तीने मिळाली. म्हणजे कुणी गुन्हेगार न ठरवता वेगळं होणं हिंदू विवाह कायद्याने मान्य केलं ते ‘जैत रे जैत’ पडद्यावर येण्याच्या जेमतेम एक वर्ष आधी.

पैशांची गोष्टही याच काळात बदलली. १९६० मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन सुरू झालं आणि साठच्या दशकाच्या शेवटी थोड्या पैशांत, नव्या नटांना घेऊन, स्टुडिओबाहेर चित्रपट करता येतो हे देशभर दिसू लागलं. मराठीत सत्यदेव दुबे यांचा १९७१ चा ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे त्याचं पहिलं ठळक उदाहरण. विजय तेंडुलकरांचं नाटक, सुलभा देशपांडेंची बेणारेबाई, गोविंद निहलानींचं कृष्णधवल छायाचित्रण. एका गावातल्या सभागृहात नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला मांडतात आणि तो बेणारेबाईच्या पोटातल्या मुलापर्यंत जाऊन भिडतो. न्यायाधीश होतात काशीकर. हा माणूस स्वतःच्या बायकोला चारचौघांत सारखा गप्प बसवतो. वर्षानुवर्षं आतून पोकळ झालेला, पण बाहेरून न मोडलेला संसार इथे लग्नाबाहेरच्या बाईचा न्याय करायला बसतो. तेंडुलकरांनी हे जोडपं एका कोपऱ्यात ठेवून केवढं मोठं विधान केलं! एवढा चित्रपट फारशा जागा न बदलता, मूठभर माणसांत झाला. कमी पैशांची अडचण इथे ताकद झाली: कॅमेऱ्याला माणसांच्या चेहऱ्यांपासून दूर जायला जागाच उरली नाही.

त्यानंतर पुण्याच्या थिएटर अकॅडमीची मंडळी सिनेमात आली. जब्बार पटेल दौंडला लहान मुलांचे डॉक्टर, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. नाटक ही त्यांची पोट भरण्याची सोय नव्हती, त्यामुळे कुणा धनिकाच्या आवडीनिवडीसाठी कथा वाकवण्याची गरज नव्हती. मराठी चित्रपटाला करमणूक कर परत देण्याची महाराष्ट्र सरकारची योजनाही १९७५ च्या सुमाराची. या सगळ्यांतून सत्तरच्या दशकात असा अवकाश तयार झाला, जिथे बायको घर सोडते ही गोष्ट तिला वाईट न ठरवता सांगता येत होती.

त्या अवकाशातला सगळ्यात मोठा चित्रपट म्हणजे पटेलांचाच १९८२ चा ‘उंबरठा’. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. ‘सुबह’ या नावाने तो हिंदीतही झाला आणि त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. स्मिता पाटीलची सुलभा महाजन समाजकार्याचं शिक्षण घेतलेली बाई आहे. नवरा सुभाष, म्हणजे गिरीश कर्नाड, वकील. घर सुखवस्तू, लहान मुलगी, माणसं सभ्य. मारहाण नाही, दारू नाही. सुलभा संगमवाडीच्या महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते, मुलीला घरी ठेवून. तिथे तिला टाकलेल्या, पळवलेल्या, वेड्या ठरवलेल्या बाया भेटतात. भ्रष्टाचाराशी झगडून, दोन बायांच्या मृत्यूनंतर राजीनामा देऊन ती घरी परतते, तेव्हा कळतं की नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आली आहे. ती पुन्हा निघते.

इथे लक्षात घ्यावं असं काही आहे. १९८२ मध्ये सुलभाला कायद्याचे सगळे दरवाजे उघडे होते. नवरा वकील होता. तरीही चित्रपटात कोर्ट येत नाही, पोटगी येत नाही, मुलीच्या ताब्याचा दावा येत नाही. पटेल आणि तेंडुलकरांना दाखवायचं होतं ते कायद्याच्या पुढचं: सभ्य घरात आपल्या कामाला जागा नाही हे कळलेली बाई. नीरा दार बंद असल्यामुळे घरात राहिली. सुलभा दार उघडं असूनही एकटीच बाहेर पडली, आणि तिच्या हातात कुठला कागद नव्हता. पुरुषाच्या चांगुलपणाला तिथे पहिल्यांदा इतक्या थंड नजरेने पाहिलं गेलं.

सुधारगृहातल्या त्या बाया कथेपुरत्या नव्हत्या. महाराष्ट्रात टाकलेल्या बायकांची संख्या मोठी आहे आणि त्या कुठल्याच सरकारी यादीत बसत नाहीत, हे याच दशकात पुढे आलं. संगमनेरला १९८८ मध्ये निशा शिवूरकर आणि त्यांच्या समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद घेतली. स्वतःच्या नावाची शिधापत्रिका, पोटगी, राहायला घर अशा रोखठोक मागण्या त्या बायकांनी केल्या. पुण्यात सुमित्रा भावे समाजकार्यातून सिनेमाकडे आल्या आणि १९८५ मध्ये त्यांनी ‘बाई’ हा छोटा चित्रपट केला. पुण्याच्या झोपडपट्टीतल्या एका बाईचं जगणं, तिच्यासारख्याच बायकांना दाखवता यावं म्हणून केलेलं. कुटुंबकल्याणाच्या विषयावरचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. भावे पुढे सुनील सुकथनकरांबरोबर तीन दशकं अशाच थोड्या पैशांत चित्रपट करत राहिल्या. २०१६ च्या ‘कासव’मधली इरावती हर्षेंची जानकी घटस्फोट होऊन कोकणकिनाऱ्यावर आलेली आहे. तिचं मोडलेलं लग्न चित्रपटाचा विषयच नाही. ते तिच्या भूतकाळातली एक गोष्ट आहे, आणि ती आता दुसऱ्याला सावरते आहे. सुवर्णकमळ मिळवणाऱ्या मराठी चित्रपटात घटस्फोटित बाई इतक्या सहजपणे यावी, हा नीरापासूनचा केवढा मोठा प्रवास आहे.

संसार न मोडता सडत जाण्याची गोष्टही नंतर सांगितली गेली. जयवंत दळवींच्या कादंबरीवरून प्रसाद ओक यांनी २०१७ मध्ये केलेला ‘कच्चा लिंबू’ त्यातला अतिशय प्रामाणिक चित्रपट. मुंबईतलं लहान घर, मतिमंद मुलगा, पाळीपाळीने नोकरी करणारे आईबाप, कधी एकत्र झोपच न मिळालेले. चित्रपट जवळजवळ सगळा कृष्णधवल. या घरातून कुणी बाहेर पडू शकत नाही, कारण दोघांपैकी एकजण गेला तर मुलाचं काय, हा प्रश्न कायद्याने सुटणारा नाही. सोनाली कुलकर्णी आणि रवी जाधव यांनी तो थकवा असा उभा केला आहे की त्यात दोष कुणाचा हे विचारावंसंच वाटत नाही.

कोलाडच्या पट्ट्यात मात्र हा इतिहास अजून चालू आहे. वाडीवरची जुनी मोकळीक आदर्श होती असं मानणं चुकीचं ठरेल. पंच बहुतेक पुरुषच असत आणि देजाच्या हिशेबात बाईची किंमतच मोजली जाई. खालच्या गावांतल्या गावकीचा धाक तर अलीकडेपर्यंत टिकला. दहा-बारा वर्षांपूर्वी रायगड जिल्ह्यातून कुटुंबांना वाळीत टाकल्याच्या तक्रारी एकामागून एक येत गेल्या, आणि त्यांतूनच सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवणारा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा झाला. २०१७ पासून तो लागू आहे. दुसरीकडे हिंदू विवाह कायद्याचं कलम २९ रूढीने मिळणारा घटस्फोट आजही मान्य करतं, फक्त तशी रूढी होती हे सिद्ध करावं लागतं. १८७६ मध्ये नाकारलेली वाट कायद्याने अशी अर्धी परत दिली. आणि १ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जोडणं शक्यच नसलेलं लग्न आपण आपल्या विशेष अधिकारात मोडू शकतो. खालच्या न्यायालयांना तो अधिकार अजून नाही.

या सगळ्यात कुंडलिकेच्या खोऱ्यातली बाई कुठे आहे? कातकरी जोडपी पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघतात. खालच्या गावांतले तरुण धाटावच्या रासायनिक कारखान्यांत पाळी करतात, कित्येक मुंबईला राहतात. या संसारांतही भांडणं होतात, माणसं थकतात, बाया माहेरी परततात. चिंधीनंतर या डोंगरांतल्या बाईचं लग्न मराठी पडद्यावर तितक्या जवळून पाहिलं जाण्याची वेळ आता आली आहे. कॅमेरे स्वस्त झाले आहेत, रोहा-पेणच्या मुली पुण्या-मुंबईला सिनेमा शिकतात. त्यांच्यापैकी एखादीने हा चित्रपट करावा. त्यात भट्टीवर घेतलेली उचल असावी, पंचांची बैठक असावी, अलिबागच्या कोर्टातली तारीख असावी, मुलाच्या आश्रमशाळेचा प्रश्न असावा. आणि नवऱ्याला सोडल्यानंतरचं त्या बाईचं पुढचं सगळं वर्ष असावं: ती कुठे राहते, काय कमावते, कुणाशी बोलते आणि गावकीच्या पुढे कशी उभी राहते.